लाकडांनाही पाट हवा



माझे मत असे आहे की सरपणाची लाकडे नुसत्या जमिनीवर रचू नयेत. आधी खालची जागा नीट तयार करावी, मग लाकडे रचावीत. हे मी घरी बोलले तेव्हा आजोबा हसायला लागले. म्हणाले, "आता लाकडांना पण पाट मांडायचा काय गं?" मी म्हटले, हो, मांडायचा. म्हणून लेखाला तेच नाव दिले आहे. बाईंनी प्रत्येकाला एकच पान दिले होते. मला ते पुरले नाही, म्हणून फलकाचा खालचा कोपराही मीच घेतला. ज्यांची चित्रे त्यामुळे वर सरकली त्यांनी रागावू नये.

कोणी म्हणेल, आता गॅस आला, सरपणाचे काय घेऊन बसलीस? २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर आपल्या वाडीत पुष्कळ घरांत सिलिंडर आला, हे खरे आहे. आमच्याकडेही आहे. पण त्यावर चहा होतो, सकाळची घाईची भाजी होते आणि कोणी आजारी असले तर पेज होते. आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते. भाकऱ्या चुलीवरच. भात उकडायचे असले तर तो मोठा टोप गॅसवर मावतच नाही. आणि पावसात गाडी घाटी चढून वर आली नाही तर सगळेच चुलीवर. खोटे वाटत असेल तर संध्याकाळी देवळाच्या पायरीवर उभे राहून किती घरांतून धूर निघतो ते मोजा. मी मोजले. छत्तीस घरांपैकी एकतीस.

शिमगा झाला की आपल्या आया, आत्या, काकू सरपणाला जातात. सकाळी उजाडायच्या आत निघतात, उन्हे तापायच्या आत परत येतात. एका सकाळी एकच मोळी होते. दुसरी आणायला मान राहत नाही, असे आई म्हणते. आमच्या घराला पावसाळ्यासाठी साठ मोळ्या लागतात. पुरुष मोठे ओंडके फोडून देतात ते वेगळे. वैशाखापर्यंत हे चालते, आणि मृग लागायच्या आत सगळे खोपीत रचून व्हावे लागते. आपला महाड तालुका सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. इथे चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पाणी वाहून न जाता साचून राहिले असते तर बाबांच्या डोक्यावरून जाऊन आणखी चार-साडेचार फूट वर आले असते.

आता परवाच्या सालची गोष्ट सांगते. दसऱ्यापर्यंत आम्ही वरची लाकडे वापरत आलो आणि मग तळ लागला. तळाची लाकडे लाकडे राहिलीच नव्हती. काळी पडलेली, पांढऱ्या बुरशीची, हातात धरली की भुगा होणारी. काहींच्या आत नुसती माती. वाळवीने आतले लाकूड खाल्ले होते आणि वरची साल तेवढी शाबूत ठेवली होती. आईने ते फावड्याने घमेल्यात भरले आणि उकिरड्यावर टाकले. मी घमेली मोजली आणि आईला विचारले, हे किती मोळ्यांचे असेल? ती म्हणाली, "सातेक असतील." मी म्हटले, म्हणजे तुझ्या सात सकाळी. त्यावर ती काही बोलली नाही, पुढचे घमेले भरायला लागली.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करते आहे.

आपण लाकडांच्या वरची काळजी किती घेतो बघा. खोपीवर पत्रा घालतो. पत्रा नसेल तर झापे घालतो, पेंढा घालतो, वरून ताडपत्री ओढतो, ताडपत्रीवर दगड ठेवतो, दगड पडेल म्हणून दोरी बांधतो. आणि खाली? खाली जी जमीन असेल ती. गवत असले तरी त्यावरच, खड्डा असला तरी त्यातच. पाणी काय फक्त वरूनच येते?

पाणी खालूनही येते. हे ज्याला पटत नसेल त्याने बशीत थोडे निळे पाणी घ्यावे आणि त्यात खडू उभा करावा. खडू खालून निळा होत जातो. त्याला कोणी पाणी पाजत नाही, तोच पितो. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसेच. लाकडाच्या आतही बारीक नळ्या असतात. झाड जिवंत असताना त्यांतूनच पाणी वर जाते. झाड तोडले म्हणून त्या नळ्या बुजत नाहीत. चार महिने ओल्या मातीवर बसलेले लाकूड चार महिने पाणी पीत राहते, वर कितीही चांगला पत्रा असला तरी.

मग ते लाकूड चुलीत घातले की आधी त्याच्यातले पाणी वाफ होऊन जावे लागते. जाळाची काही ताकद तिथेच जाते. चूल धुमसते, धूर होतो, आजीचे डोळे लाल होतात. आम्ही फुंकणी घेऊन फुंकत बसतो आणि सगळे म्हणतात की हे लाकूडच वाईट होते. लाकूड चांगले ऐनाचे होते, ते जागेमुळे बिघडले.

गेल्या साली मी बाबांच्या मागे लागले. बाबा गवंडी आहेत. ते आधी म्हणाले, "लोकांच्या घरांची जोती बांधतो, आता लाकडांना जोतं बांधू? हसतील मला." पण मला वाटते, हसण्यासारखे यात काही नाही. घराला जोते असते. देवळाला असते. तुळशीला वृंदावन असते. भाताची उडवी रचताना आपण खाली दगड आणि फाटी घालतो, कारण दाणे कुजतील. कणगी जमिनीवर टेकू देत नाही. लोणच्याच्या बरणीखालीसुद्धा आजी लाकडी फळी ठेवते. मग जे डोक्यावरून आणताना आईची मान मोडते, त्यालाच तेवढे मातीत का बसवायचे? हे ऐकल्यावर बाबा गप्प झाले आणि रविवारी पहार घेऊन परसात आले.

पहिले काम त्यांनी जागा बदलण्याचे केले. आमची लाकडे घराच्या मागच्या भिंतीला टेकून असायची, वळचणीखाली. म्हणजे कौलांचे सगळे पाणी तिच्या पुढ्यात पडायचे आणि शिंतोडे आत यायचे. शिवाय भिंत मातीची. वाळवीला लाकडातून भिंतीत आणि भिंतीतून वाशांत जायला रस्ताच मिळायचा. नवी जागा घरापासून दहा पावलांवर घेतली, थोडी उंचावर, जिथे दुपारी ऊन येते आणि वारा लागतो. बाबांनी तिथे एक कळशी पाणी ओतले आणि ते कुठे जाते ते नुसते बघत बसले. मला वाटले, पाणी वाया गेले. पण त्यावरूनच उतार कळतो.

मग वरची माती चार बोटे खरवडून काढली. गवत, मुळे, जुन्या सालपटांचा कचरा, सगळे काढले. हे फार महत्त्वाचे आहे. तो कचरा म्हणजे वाळवीचे जेवण. जेवण ताटात वाढून ठेवायचे आणि मग पाहुणे आले म्हणून ओरडायचे, हे बरोबर नाही. त्या जागी मुरूम पसरला, पाणी शिंपडले आणि धुमसाने चोपला. पुन्हा पसरला, पुन्हा चोपला. मधोमध थोडे उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरते ठेवले. भोवती वीतभर रुंदीचा चर काढला आणि तो खालच्या बाजूला फणसाच्या आळ्याकडे सोडला. फणस खूश असेल.

त्यावर चिरे ठेवले. पण जांभा चिरासुद्धा पाणी पितो, हे मला माहीत नव्हते. बाबांनी चिऱ्यावर पाणी टाकून दाखवले, पाणी लगेच आत गेले. नदीतल्या काळ्या दगडावर टाकले तर ओघळून गेले. म्हणून काळे दगड मिळाले तर ते बरे. चिरेच वापरायचे असतील तर चिरा आणि लाकूड यांच्या मध्ये जुन्या ताडपत्रीची घडी किंवा टायरची पट्टी घालावी. आम्ही सायकलचा टायर कापून घातला. त्यावर तीन लांब जुने वासे आडवे टाकले आणि वाशांवर लाकडे रचली. जमिनीपासून लाकडापर्यंत चांगली वीतभर मोकळी जागा राहिली.

शेजारच्या काकांनी हे बघून सिमेंटचा कोबाच करून टाकला. त्यांचे काम आमच्यापेक्षा छान दिसते. पण कोब्याला उतार दिला नाही आणि लाकडे सरळ कोब्यावर ठेवली. पाऊस तिरका आला की पाणी आत जाऊन तिथेच साचते. सिमेंट महाग असते म्हणून ते बरोबरच असते असे नाही. कोबा केला तरी त्यावर दगड आणि वासे हवेतच, म्हणजे हवा खालून फिरेल.

आता या मोकळ्या जागेबद्दल आजीचे म्हणणे वेगळे होते आणि ते मला नीट लिहिले पाहिजे, कारण ते उगाच नव्हते. आजी म्हणाली, "पोकळी ठेवलीत, आता त्यात जनावर येऊन बसेल." आमच्याकडे सापाला जनावर म्हणतात. फुरसे, घोणस, मण्यार, नाग, चारही विषारी साप कोकणात आहेत. आणि विंचू तर लाकडाच्या सालीखाली असतोच.

विंचवाचे आमच्या घराला चांगलेच माहीत आहे. माझ्या चुलत भावाला दोन वर्षांपूर्वी जळण काढताना लाल विंचू चावला. खालच्या, मातीत रुतलेल्या लाकडाखाली त्याने हात घातला होता. त्याला घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. काकांनी मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेला म्हणून वाचला. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर असतो, पण लाल विंचू लहान असून जास्त घातक. आपल्या महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉक्टर हिंमतराव बावस्कर आले. तेव्हा विंचू चावून पुष्कळ माणसे, मुले मरत. त्यांनी अशा रोग्यांजवळ रात्र-रात्र बसून काय काय होते ते लिहून ठेवले. १९८२ साली ते 'लॅन्सेट' नावाच्या इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आले. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध लाल विंचवाच्या विषावर उपयोगी पडते हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे मोठे काम आपल्या तालुक्यात झाले, तरी आपण विंचवाला राहायला जागा करून द्यावी का? आणि चावला तर आधी मांत्रिकाकडे नेण्यात वेळ घालवावा का?

तर आजीच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देते. जनावर पोकळीत येते हे खरे, पण ते जमिनीवर रचलेल्या लाकडातही येतेच, फक्त तिथे ते दिसत नाही. पोकळी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली की वाकून आरपार उजेड दिसतो. केरसुणी आत जाते. काठी फिरवता येते. हात घालण्याआधी बघता येते. पण मग त्या पोकळीत काही कोंबू नये. आमच्या शेजारी पोकळीत फुटक्या कुंड्या, चपला आणि जाळे ठेवले आहे, ते चूक आहे. कोंबडीला तिथे अंडी घालू देऊ नये. दाणे सांडले की उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप येतो. आजी म्हणाली, "मग रोज झाडणार कोण?" मी म्हटले, मी. आणि मी झाडते. पावसात रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी.

झाडताना वाळवीही सापडते. ती दगडावरून मातीची बारीक नळी बांधत वर चढते. गेल्या पावसाळ्यात मी अशा चार नळ्या मोडल्या. लाकडे मातीला टेकलेली असती तर एकही दिसली नसती. आजी भोवती राखही टाकते. तिचा थोडा उपयोग होत असेल, पण आमच्या पावसात ती दुसऱ्या दिवशी फणसाजवळ गेलेली असते.

आजोबा अजूनही म्हणायचे की आमच्या वेळी असले काही नव्हते, तरी चूल पेटत होती. म्हणून मी एक प्रयोग केला. ऐनाच्या एकाच फांदीचे दोन तुकडे बाबांकडून कापून घेतले. दुकानाच्या काट्यावर दोन्ही दोन-दोन किलो भरले. एक नव्या ओट्यावर ठेवला, दुसरा त्याच खोपीत, त्याच पत्र्याखाली, पण मातीवर. दसऱ्याला दोन्ही पुन्हा काट्यावर नेले. ओट्यावरचा दोन किलो शंभर ग्रॅम भरला. पावसाळी हवेने तोही थोडा ओलसर झाला होता. मातीवरचा दोन किलो सातशे ग्रॅम. दुकानदार म्हणाले, "पोरी, पाणी विकतेस की लाकूड?" ओट्यावरची खालची लाकडे एकमेकांवर आपटली की टणटण वाजत होती. मातीवरच्याचा आवाज ओल्या पिशवीसारखा आला. आजोबांनी दोन्ही हातात घेऊन बघितले. मग ते त्यांच्या जुन्या खोपीतली लाकडे कधी हलवायची असे बाबांना विचारत होते.

त्या वर्षी आमच्या तळाचे एकही घमेले उकिरड्यावर गेले नाही. यंदा आई शिमग्यानंतर त्रेपन्न मोळ्यांवर थांबली. राहिलेल्या सकाळी तिने काय केले असे कोणी विचारेल. दोन सकाळी ती झोपली. मला ते फार बरे वाटले.

आता ज्यासाठी मी हे सगळे लिहिले ते सांगते. आपल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजते. गॅस आहे, पण संपला की काकू मागच्या चुलीवर शिजवतात आणि पावसाळ्यात असे पुष्कळदा होते. ते सरपण शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, वळचणीखाली, मातीवर रचलेले आहे. त्या लाकडांतून वाळवी भिंतीवर चढली आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला आपले पुस्तकांचे कपाट आहे. खालच्या कप्प्यातल्या गोष्टींच्या पुस्तकांची मागची पाने गेली आहेत, म्हणून शेवट काय झाला ते आता कोणालाच कळत नाही. आणि पहिलीची मुले चेंडू आणायला त्याच लाकडांत हात घालतात. हे मी स्वतः पाहिले आहे. काकूंना दोष देऊ नये. त्या शिजवतील, वाढतील की जोते बांधतील?

शाळेच्या मागे हातपंपाच्या वरच्या अंगाला उंच जागा आहे. तिथे पाणी साचत नाही, मी कळशी ओतून बघितली आहे. आम्ही मुलींनी ती दोरीने मोजली. लांबी आठ फूट, रुंदी चार फूट. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आहेत, त्या कृपया कोणी उपटू नयेत. तीन ओळींत तीन-तीन, असे नऊ चिरे लागतील. फुटके चिरे आमच्या परसात अकरा आहेत, बाबांनी ते द्यायचे कबूल केले आहे. मुरूम ओढ्याच्या वळणावर आहे, घरटी दोन टोपल्या आणल्या तरी पुरेल. जुने वासे तीन हवेत. घर शाकारताना ज्यांचे निघाले असतील त्यांनी बाईंना सांगावे. फाटका टायर चालेल. वर घालायला पत्रा शाळेकडे आहे. हे मृगाच्या आत व्हायला हवे, म्हणजे पुढचे दोन रविवार. धुमस बाबांचा आहे, पण तो जड आहे, आम्हां मुलांना उचलत नाही. त्यासाठी मोठी माणसे लागतील.